रुग्णाची इच्छा

रुग्णालयाचे निवेदन दोन वाक्यांचे होते. 'सदर रुग्णाच्या अखेरच्या दिवसांत अतिदक्षता विभागात केवळ रक्ताच्या नातेवाइकांना प्रवेश देण्याच्या नियमाचे काटेकोर पालन करण्यात आले. त्यामागे कोणत्याही व्यक्तीविषयी आकस नव्हता.'

प्राध्यापिकेचे उभे आयुष्य जुन्या राजवटींची फर्माने वाचण्यात गेले होते. खोटे बोलणाऱ्या मजकुरावर ती चिडत नसे. पाहुण्याला चहा पाजून बोलते करावे, तसे त्याला ती बोलते करीत असे. पण या खेपेचा सदर रुग्ण तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि चहाची सोय नव्हती.

आधी रक्त घेऊ. धाकट्याच्या शेवटच्या दोन्ही दिवसांत खाटेशेजारी वहिनी बसून होत्या. वहिनी म्हणजे थोरल्या दादाची बायको. धाकट्याशी त्यांचे रक्ताचे नाते औषधालासुद्धा नव्हते. वकील संघाचे अध्यक्ष आत जाऊन आले होते. दोन निवृत्त न्यायमूर्ती जाऊन आले होते, आणि बाहेर पडताना त्यांनी व्हरांड्यातल्या लोकांना हात जोडले होते. त्यांच्यापैकी कोणाचे रक्त तपासल्याचे ऐकिवात नव्हते.

मग काटेकोरपणा. त्या इमारतीत गाडी लावण्याचे शुल्क सोडले, तर कशाचेही काटेकोर पालन होताना प्राध्यापिकेने पाहिले नव्हते.

राहिला नियम. आणि इथे निवेदन लिहिणाऱ्याचे अज्ञान जवळजवळ निरागस म्हणावे असे होते. कारण तो नियम एके काळी खरोखरच होता, आणि ज्याने तो न्यायालयात नेऊन गाडला, तोच हा सदर रुग्ण. याच इमारतीत, याच मजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या एका बाईला तिच्या जन्माच्या सोबतिणीच्या खाटेपासून अडवले गेले होते. सोबतीण आत वारली, आणि बाई बाहेर राहिली. धाकट्याने ते प्रकरण हाती घेतले, वर्षानुवर्षे लढवले, आणि न्यायालयाच्या तोंडून वदवून घेतले की खाटेजवळ कोणी बसायचे हे रक्त ठरवणार नाही. रुग्णाची इच्छा ठरवेल, आणि ती इच्छा अंतिम असेल.

तेव्हा नियम नव्हता. आणि नियम नव्हता, म्हणजे माणूस होता.

धाकट्याच्या जोडीदाराला, मास्तरांना, दाराबाहेर ठेवणारा तो माणूस कोण, हे महिनाभर घरात कोणी विचारले नव्हते. प्राध्यापिका त्या दोन दिवसांत परदेशी एका परिषदेत मेलेल्या बादशहांविषयी बोलत होती. ती परतेपर्यंत इकडचे सगळे आटोपले होते. आज संध्याकाळी वकील संघाच्या सभागृहात धाकट्याची स्मृतिसभा होती, आणि त्याआधी घरच्या लोकांनी दुपारी दादाकडे जमायचे ठरले होते. जमले ते चौघे: दादा, वहिनी, त्यांचा मुलगा आणि ती. मुलाला सगळे 'अपील' म्हणत, कारण लहानपणी घरातला कुठलाही निकाल त्याने पहिल्या फेरीत मान्य केल्याचे उदाहरण नव्हते. आता तो तिशीचा होता, वकील होता, आणि काकाच्या हाताखाली पाच वर्षे काढून झाली होती.

दादा टेबलाच्या डोक्याशी बसला होता. न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षे झाली होती, पण खुर्ची कुठलीही असो, तो तिच्यावर बसला की ती उंच दिसे. चष्मा लावून तो संध्याकाळचे भाषण वाचून दाखवत होता.

"'...समाजातील विविध उपेक्षित घटकांचा आवाज बनून त्याने—'"

"घटक?" प्राध्यापिका म्हणाली. "रसायनशास्त्राची सभा आहे का?"

"बोलायची एक रीत असते."

"तो समलिंगी होता, दादा, आणि समलिंगी माणसांसाठी लढला. हे त्यानं भर कोर्टात सांगितलं तेव्हा त्याला कुणी विचारलंही नव्हतं. तुला नुसतं माइकसमोर उभं राहून एक शब्द उच्चारायचाय."

"लोकांना माहीत आहे. माहीत असलेलं पुन्हा सांगत बसायचं नसतं."

"मग तो मेलाय हेही नको सांगूस. तेही सगळ्यांना माहीत आहे."

अपील खाली मान घालून हसला, आणि बापाने पाहताच त्याने खोकल्याचे निमित्त केले. "आत्या, आजच्या दिवस सोड ना," तो म्हणाला. "बाबांना चार शब्द बोलू दे. काकांचं काम बोलेलच की."

त्या कामाला बोलता येत असते तर ते बोललेही असते. सरकारी मोफत कायदा मदत केंद्राला न्यायालयाने जिन्याखालची खोली दिली होती. तिथे उंच माणसाला वाकूनच न्याय मागावा लागे. त्या खोलीत धाकट्याने उमेदीची सगळी वर्षे काढली. घराबाहेर काढलेले भाडेकरू, मार खाल्लेल्या बायका, पुरुषाचा हात धरला म्हणून बापाने रस्त्यावर काढलेली मुले, एकमेकींवर जीव जडला म्हणून नोकरी गेलेल्या दोन परिचारिका, सगळे तिथे एकाच बाकावर बसत, आणि तो कोणालाही आधी 'तुमचं प्रकरण काय' असे न विचारता 'जेवलात का' असे विचारत असे. ज्या दिवशी त्याने स्वतःविषयी न्यायालयात सांगितले, त्या दिवशी शेजारच्या इमारतीत न्यायदान करणाऱ्या दादाने जेवणाची सुटी लवकर घेतली होती, आणि मागच्या दाराने तो घरी आला होता.

"बसायची व्यवस्था सांगतो," दादाने कागद बाजूला ठेवला. "व्यासपीठावर अध्यक्ष आणि मी. पहिल्या रांगेत घरचे. तिसऱ्या रांगेत मित्रपरिवार. मास्तर तिथे."

"तिसऱ्या रांगेत."

"त्यात अपमान काय आहे?"

"बावीस वर्षांच्या संसाराला मित्रपरिवार म्हणण्यात? छे. रुग्णालयातल्या बाकड्यावरून तिसऱ्या रांगेत म्हणजे बढतीच म्हणायची."

"अहो, चहा टाकू का?" वहिनींनी विचारले. या घरात वाद वाढू लागला की वहिनी चहा टाकत. आजवर त्यांनी किती टाकला असेल त्याला सुमार नव्हता.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मास्तर दारात उभे होते. ते शहराच्या सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवत. खांदे दारात न मावणारे, केस कायम ओलसर, आणि अंगाला तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा तो वास, जो धाकट्याच्या सगळ्या सदऱ्यांनाही येत असे. एका हातात त्यांनी आकड्याला अडकवलेला धाकट्याचा वकिलीचा काळा झगा धरला होता. वकील संघाला तो काचेच्या कपाटात लावायचा होता, आणि तो मास्तरांच्या घरी होता, म्हणूनच मास्तरांना आज बोलावणे गेले होते.

"या, या, मास्तर," दादा उठला. त्याच्या सौजन्यात कधीच कसूर नसे. कोणाला दूर ठेवायचे तर त्याहून स्वस्त कुंपण नाही. "उगाच त्रास घेतलात. अपीलला धाडलं असतं."

"त्याला बटणं कळली नसती." मास्तरांनी झगा खुर्चीच्या पाठीवर टाकला. धाकट्याला ते कायम 'वकील'च म्हणत. "वरचं एक वेगळं आहे. वकिलानं तोडलं होतं, मी माझ्या कोटाचं लावलं. काचेत ठेवाल तर तसंच राहू द्या."

"बसा ना, मास्तर," वहिनी म्हणाल्या.

"नाही वहिनी, निघतो. आणि संध्याकाळी मी येत नाही, एवढं सांगायचं होतं. माझी खुर्ची धरू नका."

दादाच्या चेहऱ्यावर जी सुटका पसरली, ती प्राध्यापिकेने टिपून ठेवली. "का येत नाही?" तिने विचारले. "तिसरी रांग कानावर आली वाटतं."

"रांगेचं काय, ताई. मी आयुष्यभर पाण्याच्या काठावर उभा राहिलोय, मला बसायची सवयच नाही." मग झग्याची बाही नीट करत ते म्हणाले, "ज्या माणसानं शेवटी मला आत घेऊ नका म्हणून सांगितलं, त्याच्या सभेला मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

चहाचे भांडे ओट्यावर आपटले.

"कुणी सांगितलं?" प्राध्यापिका म्हणाली.

"वकिलानं."

"तुम्हाला?"

"मला कसं सांगेल, मी बाहेर होतो. दारावरच्या नर्सनं सांगितलं. कोवळी पोरगी होती. म्हणाली, 'रुग्णाची तशी इच्छा आहे. त्यांची इच्छा अंतिम आहे.' पाठ केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा तेच." मास्तर हसायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांच्या मोठ्या चेहऱ्यावर ते फार वाईट दिसत होते. "आता त्याची इच्छा म्हटल्यावर मी काय भांडणार? तोच निकाल मिळाला त्या रात्री आम्ही दोघं घरभर नाचलो होतो. आणि ज्या सकाळी तो पडला, त्या सकाळी आमचं वाजलं होतं. अंगात ताप, आणि हा निघाला सुनावणीला. मी आडवा आलो. मला म्हणाला, 'तू माझा जोडीदार आहेस की जेलर? मरताना तरी तुझं तोंड नको दाखवूस.' दिवसातून चार वेळा म्हणायचा असलं काही. त्या दिवशी खरं म्हणाला असेल, असं मी धरून चाललोय. महिना झाला, तेच धरून झोपतोय."

प्राध्यापिकेला तिचा राग अंगात चढताना जाणवला. तो गरम नव्हता. तिच्या बाबतीत तो नेहमीच थंड असे, आणि थंड झाला की तिचे वाचन चोख होई.

रुग्णालयाने 'रक्त' म्हटले होते. दाराने 'इच्छा' म्हटले होते. जगातला कुठलाही सर्वसाधारण क्षुद्र माणूस, एखाद्याला खाटेपासून तोडायचे झाले तर म्हणेल, हा नात्यातला नाही, हाकला. तेवढी अक्कल क्षुद्रपणाला उपजतच असते. पण 'रुग्णाची इच्छा अंतिम आहे' हे तोच म्हणेल, ज्याने तो निकाल वाचला आहे. आणि मास्तर काय ऐकले म्हणजे एक शब्द न बोलता मागे फिरतील, हेही ज्याला ठाऊक आहे. हा शिकलेला क्षुद्रपणा होता. धाकट्याने आयुष्य घालून जे कुलूप फोडले, त्याच्याच लोखंडाची कोणीतरी नवी कडी घडवली होती, आणि ती धाकट्याच्याच नावाने लावली होती.

तो निकाल वाचलेली माणसे या घरात तीन होती. त्यातली एक परदेशात होती.

"अपील," ती म्हणाली, "त्या दोन दिवसांत तू कुठे होतास?"

"आत्या, हे काय आता?"

"टेबल भरलंय. उत्तर दे."

'टेबल भरणे' ही या घराची जुनी रीत. त्यांचे वडील न्यायालयात शिरस्तेदार होते, आणि घरातल्या भांडणांची ते रविवारी जेवणाच्या टेबलावर रीतसर सुनावणी घेत. बोलणाऱ्याला तोडायचे नाही. ज्याला विचारले त्यानेच उत्तर द्यायचे. सातव्या वर्षी धाकट्याने याच टेबलावर शेजारच्या मांजरीचे वकीलपत्र घेऊन दूध सांडल्याच्या आरोपातून तिला सोडवले होते, आणि आरोप दादाच्या गळ्यात पडला होता. तो खराही होता.

अपीलने बापाकडे पाहिले. बाप भाषणाच्या कडा जुळवत होता.

"काकांनीच मला जिल्ह्याच्या कोर्टात धाडलं होतं," अपील म्हणाला. "फोनवर म्हणाले, मला थोडा ताप आहे, तारीख चुकवू नकोस. मी आलो तेव्हा सगळं..." तो थांबला. वकील म्हणून पाच वर्षे त्याची फुकट गेली नव्हती; प्रश्न आपल्याला का विचारला, आणि आता तो कोणाकडे वळणार, हे त्याच्या डोळ्यांत हळूहळू उतरत गेले. "बाबा," तो म्हणाला, "काका तर मास्क बाजूला करून बोलत होते म्हणे. पाणी मागितलं, आईची थट्टा केली. आईच सांगत होती."

"आजारी माणसाच्या बोलण्याला काय अर्थ असतो," दादा म्हणाला.

"अच्छा. म्हणजे इच्छा सांगण्याइतका तो शुद्धीवर होता, की नव्हता?" प्राध्यापिकेने विचारले. "दोन्हींतलं एक घे. दोन्ही मिळणार नाहीत."

"तू माझी उलटतपासणी घेणार?"

"तू डोक्याशी बसलायस म्हणून जरा अवघड जातंय. इकडे येऊन बसलास तर सोपं जाईल."

"हे बघ." दादाचा आवाज न्यायासनावरचा झाला. "थोरला म्हणून काही निर्णय मला घ्यावे लागतात. डॉक्टर म्हणाले, त्याला शांतता हवी. गर्दी नको."

"अध्यक्ष आले ते शांततेचे होते?"

"ते पाच मिनिटं होते."

"दोन न्यायमूर्ती. तेही शांततेचे."

"त्यांना नाही कसं म्हणणार? चाळीस वर्षांचे सहकारी माझे! ते आत येणार, खाटेवर माझा भाऊ, आणि शेजारी—" तो थांबला.

"शेजारी?"

दादा पुन्हा भाषणाचे कागद जुळवू लागला.

"शेजारी मास्तर त्याचा हात धरून बसलेले," अपील म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तेच ना, बाबा? तुमच्या सहकाऱ्यांना ते दिसायला नको होतं. जे काकांनी भर कोर्टात दाखवलं, ते तुम्ही त्यांच्या खाटेवर झाकलंत."

"तू मध्ये पडू नकोस. तुझ्या वयाच्या—"

"मी मध्येच पडणार! मी त्यांच्या हाताखाली शिकलोय, तुमच्या नाही!"

दादाच्या बाजूने आता टेबलावर फक्त वहिनी उरल्या होत्या, आणि त्याने तिकडेच पाहिले. चाळीस वर्षे हे असेच होत आले होते: सगळे घर एका बाजूला गेले की वहिनी चहा घेऊन त्याच्या बाजूला येत. वहिनींनी शेगडी बंद केली. हात पुसले. मग त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि उभ्या असलेल्या मास्तरांच्या शेजारची खुर्ची ओढून तिच्यावर बसल्या.

"मास्तर, तुम्हीही बसा," त्या म्हणाल्या. "भाऊजी पूर्ण शुद्धीवर होते. शेवटच्या दुपारपर्यंत. तुमच्याविषयी त्यांनी तसलं काही सांगितलं नाही. कुणालाच नाही."

मास्तर बसले. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

"तू यात बोलायचं नाहीस," दादा म्हणाला.

"मी आत होते. साक्षीदाराचं तोंड दाबायचं नसतं, हे तुमच्याच तोंडून ऐकत म्हातारी झाले."

"मग महिनाभर कुठे गेली होती साक्ष?"

"घाबरले होते," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला. झालं समाधान? पण मला वाटत होतं, तुम्ही आपणहून मास्तरांना सांगाल. रोज वाटायचं, आज सांगतील. आणि आज तुम्ही त्यांना तिसरी रांग दिलीत."

प्राध्यापिकेच्या ओठांवर अजून चार प्रश्न तयार होते, एकाहून एक धारदार. तिला प्रथमच ते आपले वाटेनात. या खोलीत अंधारात ठेवलेला माणूस एकच होता. विचारण्याचा हक्कही त्याचाच होता. ती मागे टेकली.

मास्तर दादाकडे पाहत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर दादाने तो पेलला असता. रागाला उत्तर देण्यात त्याची हयात गेली होती. पण मास्तर पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या मुलाकडे काठावरून पाहावे तसे पाहत होते: घाई न करता, पण मागे फिरायची मुभा न देता.

"त्यानं मला बोलावलं होतं का?" त्यांनी विचारले. "तेवढंच सांगा. तुम्ही का केलं ते मला नको. तुमचं भाषण करा, कुठल्याही रांगेत बसवा. पण तो काय म्हणाला ते मला सांगा."

"मास्तर, झालं गेलं—"

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" वहिनी म्हणाल्या. "मी सांगितलं तर अपील संध्याकाळी माइकवर जाऊन सांगेल. त्याला मी अडवणार नाही. आणि सांगायचं तर जसं झालं तसं. एक शब्द मवाळ केलात तर मी इथेच दुरुस्त करीन."

दादाने चष्मा काढला. चष्म्यावाचून त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा, आणि धाकट्यासारखा दिसला; प्राध्यापिकेला ते पाहवले नाही, तरी तिने नजर हटवली नाही. तो डोक्याच्या खुर्चीवरून उठला. कुठे जावे हे त्याला सुचेना, म्हणून तो तिथेच, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मग तो बोलला, आणि बोलताना त्याने फक्त मास्तरांकडे पाहिले.

"दारावर मीच सांगितलं. 'रुग्णाची इच्छा' हे शब्द माझे. त्यानं तुम्हाला बोलावलं होतं. मास्क काढून म्हणाला, मास्तर बाहेर असतील, त्यांना आत घ्या. मी हो म्हणालो आणि बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाला. तेव्हा मी सांगितलं, निरोप दिला होता, पण ते यायला तयार नाहीत. तो म्हणाला, बरोबर आहे, मीच फार वाईट बोललो त्यांना. मग त्यानं पुन्हा विचारलं नाही."